परत आलो, पण नोंद नाही

नऊ महिन्यांचं पोलीस प्रशिक्षण संपवून तालुक्याच्या ठाण्यात हजर झालेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दादा, साप्ताहिक सुट्टी मिळते का? मिळते, बंदोबस्त नसेल तर. बंदोबस्त नाही असा महिना मला तरी आठवत नाही. हे आधीच सांगून टाकलं, आता पुढचं ऐका.

केंद्रात कवायत शिकवतात, कायदा शिकवतात. ठाण्यात कसं वागायचं ते ठाण्यातच कळतं, आणि बऱ्याचदा फटका बसल्यावर. माझा फटका असा.

नोकरीला सात-आठ महिने झाले असतील. एका गावात समन्स बजावायला निघालो. टेबलावर बसून नोंदी ठेवणाऱ्या ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली: वेळ, माझा बकल नंबर (शिपायाचा ओळख क्रमांक), ‘समन्स बजावणीकामी रवाना’. संध्याकाळी सातला परतलो तेव्हा टेबलाभोवती तक्रारदारांची गर्दी, त्यात वायरलेस बोंबलतोय. मी दारातूनच म्हटलं, ‘‘दादा, आलो हां.’’ त्यांनी मान हलवली. मी समन्सच्या प्रती ट्रेमध्ये ठेवल्या आणि खोलीवर जाऊन झोपलो.

त्याच रात्री नऊच्या सुमारास त्या गावात बांधावरून मारामारी झाली. सकाळी एका बाजूचा माणूस साहेबांसमोर म्हणाला, ‘‘तुमचा शिपाई गावातच होता की. बघत उभा होता.’’ साहेबांनी डायरी मागवली. डायरीप्रमाणे मी खरोखरच गावात होतो! रवाना झाल्याची नोंद होती, परतल्याची नव्हती. माझ्या चुकीचा कसुरी अहवाल वर गेला, खुलासा द्यावा लागला. खोलीमालकाने मी घरी होतो असं सांगितलं म्हणून बघत उभा राहिल्याचा डाग निघाला, पण नोंद न केल्याची सक्त ताकीद मिळालीच. मान हलवणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही. याचा राग मी बरीच वर्षं धरून होतो. आता त्याच टेबलावर मी बसतो. समोर चार माणसं भांडत असताना मान कुणासाठी हलली हे माझं मलाच कळत नाही.

म्हणून नवीन पोरांना मी एवढंच बजावतो: आल्यावर टेबलाशी थांबायचं, नोंद होईपर्यंत हलायचं नाही, आणि नोंदीचा नंबर आपल्या खिशातल्या डायरीत उतरवून घ्यायचा. आमच्या वेळी हाताने लिहायचं रजिस्टर होतं. ‘‘दोन ओळी मोकळ्या सोड, नंतर भरू’’ असं म्हणणारा एखादा भेटायचाच. त्या दोन ओळी म्हणजे पुढे कोर्टात उलटतपासणीला आयतं कुरण. चूक झाली तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करा. आता सीसीटीएनएसमुळे, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय नोंदींमुळे, मोकळ्या ओळीचा प्रश्न राहिला नाही, तरी कच्च्या कागदावर लिहून दुपारी एकदम भरायची खोड काही जात नाही.

दुसरी गोष्ट तोंडी हुकमाची. छोट्या ठाण्यात सगळंच तोंडी चालतं. ‘‘अमक्याला घेऊन ये’’ म्हटलं की निघायचं, असंच सगळे शिकतात. निघण्याआधी त्या अमक्याचं वय विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 179 प्रमाणे 15 वर्षांखालच्या मुलाला, 60 वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कुठल्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. जुन्या कायद्यात ही मर्यादा 65 होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात अजून पासष्टच बसलंय. पण वरिष्ठांना कलम ऐकवू नका. ‘‘सर, आजोबा बासष्टचे आहेत, घरी जाऊन जबाब घेऊन येऊ का?’’ असं विचारलं की साहेबही मोकळे, तुम्हीही मोकळे.

लॉकअप गार्डचा चार्ज घेताना कंटाळा करू नका. रजिस्टरमधली संख्या आणि आत बसलेली डोकी जुळवा. प्रत्येकाला उभं करून नीट बघा, कुणाला लागलंय का, कुणी कण्हतंय का. जखम दिसली तर चार्ज घेण्याआधी नोंद करायला लावा, नाहीतर ती तुमच्या पाळीतली ठरते. आणि मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचे 24 तास अटक झाल्यापासून मोजतात, प्रवासाचा आवश्यक वेळ सोडून. डायरीत अटक कधी चढवली याला त्यात अर्थ नाही.

सोशल मीडियाचं थोडक्यात. गणवेशात रील नको, आरोपीचा फोटो ग्रुपवर नको. 1966 च्या कायद्याने पोलिसांना युनियन करण्यावर आणि परस्पर वर्तमानपत्रांकडे जाण्यावर निर्बंध आहेत. तुमचं गाऱ्हाणं कितीही खरं असलं तरी ते अर्जानेच वर न्यायचं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

राहता राहिलं गाव. शिपायाची एका ठिकाणची साधारण मुदत 5 वर्षं. तेवढा काळ दूधवाला, किराणावाला, केस कापणारा तेच, आणि यातलाच कुणीतरी कधीतरी फिर्यादी किंवा आरोपी होऊन समोर येणार. कायदा तर पोलिसाला कायमच ड्युटीवर धरतो. तेव्हा लुंगीवर भाजी आणायला गेलात तरी गावाच्या लेखी तुम्ही पोलीसच. माझा एक खोलीमालक भला माणूस होता, भाडं घ्यायला लाजायचा. पुढे त्याच्या मेहुण्यावर जुगाराची केस झाली तेव्हा तो रात्री दहाला दार वाजवून आत आला आणि काहीच न बोलता बसून राहिला. मी दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या कानावर घातलं आणि महिनाअखेर खोली बदलली. वर्तणूक नियम 1979 चे आहेत. भेटवस्तूंवर त्यात बरंच लिहिलंय, पण न घेतलेल्या भाड्याला कुणी भेटवस्तू म्हणत नाही, अडचण तिथेच आहे.

ठाण्यासमोरच्या टपरीवर माझ्या नावाची वही आहे, एक तारखेला हिशेब होतो. परवा एक नवा पोरगा म्हणाला, ‘‘दादा, माझ्याकडून तो पैसेच घेत नाही.’’ म्हटलं, तू खिशात हात घालतोस आणि ‘राहू द्या’ ऐकायला थांबतोस. थांबू नकोस. पैसे बरणीवर ठेव आणि रस्ता ओलांड.