मुलांच्या व्यसनप्रतिबंधासाठी एकत्र येताना या चुका टाळा

शाळा, पालक, पोलीस, आरोग्य केंद्र आणि स्थानिक संस्था मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी एकत्र येतात, तेव्हा पहिल्या बैठकीत उत्साहाला तोटा नसतो. वर्षभराने मात्र बैठकीला तिघे-चौघेच येतात आणि हाती राहते ती छायाचित्रांची फाइल. या माणसांची तळमळ खरी असते. चूक बहुतेक वेळा क्रमात झालेली असते: उपाय आधी ठरतो आणि प्रश्न नेमका काय आहे हे पाहायचे राहून जाते.

पहिल्याच बैठकीत फेरी, शपथ आणि व्याख्यान यांच्या तारखा ठरू लागल्या, तर तिथेच थांबावे. आपल्या भागातली मुले कोणत्या वयात, काय, कुठे आणि कुणाच्या सोबतीने पहिल्यांदा घेतात, हे आधी समजायला हवे. मोठ्यांच्या मनात भीती असते ती अमली पदार्थांची, आणि मुलांची सुरुवात पुष्कळदा तंबाखूने किंवा दारूने, कधी घरातल्याच बाटलीतून झालेली असते. त्यासाठी निनावी सर्वेक्षण घ्यावे लागते, आणि तेही नीट घ्यावे लागते. वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील तर मुलगा डाव्या हाताने कागद झाकतो, शेजाऱ्याकडे एकदा पाहतो आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. असा आकडा दिलासा देतो, पण कामाचा नसतो. सर्वेक्षण शाळेबाहेरच्या व्यक्तीने घ्यावे, कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नसावा, लिफाफा मुलाने स्वतः बंद करावा, आणि लहान गटाचे आकडे वेगळे जाहीर करू नयेत, कारण पाच-सात मुलांच्या गटात कोण ते लगेच ओळखू येते.

आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तिथे सर्वेक्षणाचे निष्कर्ष स्थानिक प्रशासन आणि शाळांपर्यंत पोहोचवले गेले, पालकांनी आपसांत करार केले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर वयानुसार मर्यादा आली आणि खेळ व कलावर्गांसाठी सार्वजनिक पैसा मिळाला. हे वाचून ती यादी जशीच्या तशी उचलणे ही पुन्हा वेगळी चूक ठरते. घेण्यासारखी आहे ती पद्धत: मोजा, त्यावरून ठरवा, पुन्हा मोजा.

भीती दाखवण्याचा मोह फार जुना आहे. सडलेल्या फुप्फुसांची चित्रे किंवा व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तीचे हेलावून टाकणारे भाषण यांनी सभागृह शांत होते, म्हणून परिणाम झाला असे वाटते. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा व्यसनप्रतिबंधाचा उपक्रम पोलीस अधिकाऱ्यांमार्फत देशभरातील शाळांत गेला, लोकप्रियही झाला. पुढच्या अभ्यासांत मात्र मुलांच्या वागण्यावर त्याच्या मूळ स्वरूपाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. नकार कसा द्यावा, राग आणि ताण कसा हाताळावा, याचा प्रत्यक्ष सराव छोट्या गटांत आणि अनेक तासिकांमध्ये करून घेतलेला अधिक उपयोगी पडतो. ‘हल्ली सगळीच मुले करतात’ हे वाक्यही व्यासपीठावरून कायमचे काढून टाकावे. ते बहुधा खरे नसते, आणि ऐकणाऱ्या मुलाला आपणच मागे राहिलो असे वाटू लागते.

जोखीम जास्त असलेली मुले शोधून त्यांचा स्वतंत्र गट करणे वरवर शहाणपणाचे दिसते. प्रत्यक्षात ती मुले एकमेकांच्या धाडसाला दाद देतात आणि वागणे बिघडू शकते. शिवाय कपाळावर शिक्का बसतो तो वेगळाच. त्यांना संमिश्र गटांत सामावून घ्यावे आणि गरज असेल तिथे एकेकट्या कुटुंबाला मदत द्यावी.

सर्वांत जास्त वाईट मला एका गोष्टीचे वाटते. शाळा भागीदारीत बसलेली असते, आणि एखाद्या मुलाच्या दप्तरात काही सापडले की त्याच शाळेतून त्याला काढून टाकले जाते. शाळेशी असलेले नाते हे मुलाचे मोठे संरक्षण असते, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी आपण ते तोडतो. मुलाकडे काही सापडल्यास पहिला फोन कुणाला करायचा, समुपदेशन कोण करेल, माहिती किती जणांना कळेल, हे सर्व भागीदारांनी आधीच लेखी ठरवावे.

पालक सभेला येत नसतील तर त्यांना बेफिकीर म्हणण्याआधी सभेची वेळ त्यांच्या कामाच्या तासांशी ताडून पाहावी. तंबाखू किंवा मद्य कंपनीचा पैसा कोणत्याही नावाने घेऊ नये. मुलांना केवळ फलक धरायला न बोलावता निर्णयाच्या बैठकीत बसवावे.

आणि घाई करू नये. वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या, गावाने एकत्र येऊन मुलांचे व्यसन रोखण्याच्या पद्धतीची चाचणी अमेरिकेतील 7 राज्यांतल्या 24 गावांत 2003 मध्ये सुरू झाली. पाचवीपासून पाहणी केलेली मुले आठवीत पोहोचली तेव्हा, पद्धत राबवलेल्या गावांत दारू व सिगारेट सुरू करणाऱ्यांचे प्रमाण कमी दिसले. म्हणून दुसऱ्या वर्षी आकडा हलला नाही तर उपक्रम बदलण्याआधी नोंदवही उघडावी: ठरलेल्या सगळ्या तासिका झाल्या का, परीक्षेच्या नावाखाली किती गाळल्या, आणि प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांपैकी अजून शाळेत कितीजण आहेत.