कृष्णाकाठची गोष्ट उतरवताना आधी साल काढा

वाईपासून संगम माहुलीपर्यंत कृष्णाकाठी घाट, देवळं, विहिरी आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) यांना तोटा नाही. गोष्टींनाही नाही. 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' हे तर कुठेही ऐकायला मिळतं. गोष्ट जरूर लिहून घ्या, पण त्याआधी दगडावर साल आहे का ते बघा.

दगडावर कोरलेला लेख भर दुपारी वाचायला जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात अक्षरं सपाट होतात. सकाळचं किंवा कलतं ऊन हवं. भिंतीचं तोंड उत्तरेकडे असेल तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, आधी डावीकडून, मग उजवीकडून. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडायची. अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरू नका. तेल दगडात मुरतं आणि त्यावर धूळ बसून पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही. शेंदूर खरवडणं तर नकोच, पुटाबरोबर अक्षराची कडही निघते. फोटो समोरून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांत होतो. झिजलेल्या दगडावर १ आणि ९, ४ आणि ५ सारखेच दिसतात. इथे शकाशेजारी कोरलेलं संवत्सराचं नाव, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, कामी येतं. शकात १२ मिळवा, बेरजेला ६० ने भागा. बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सर, बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. साठ नावांची यादी पंचांगात मिळते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. विरूबाईंनी बांधवून घेतलेल्या या विहिरीचा काळ शके १६४१ ते १६४६. १६४१ + १२ = १६५३, बाकी ३३, म्हणजे विकारी. १६४६ ला बाकी ३८, म्हणजे क्रोधी. तोच १६४१ कुणी १६४९ वाचला तर बाकी ४१, प्लवंग येईल, दगडावरच्या नावाशी ते जुळणार नाही आणि चूक जागेवरच सापडेल. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. तिथी १ जानेवारीनंतरची असेल, जसं माघ-फाल्गुनातली, तर ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष दोन्हीकडे पडू शकतात, तिथे तिथी बघूनच ठरवा.

वस्तूवरचं साल म्हणजे ती तिथे आल्याचं साल नव्हे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरच्या पोर्तुगीज घंटेवर १७०७ आहे. मराठ्यांनी वसई घेतली १७३९ मध्ये. नाना फडणवीस जन्मले १७४२ मध्ये. म्हणून 'नानांनी वसई जिंकून घंटा आणली' असं कुणी सांगितलं तर ते जसंच्या तसं लिहा, पण समोर हे तीन आकडे मांडा. सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका, बोलणं तिथेच आटपतं.

जाणत्या माणसांना सन विचारू नका, खूण विचारा. 'कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?' म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पक्की लक्षात असते. दुसरी खूण १९७२ चा दुष्काळ. 'तेव्हा कितवीत होता?' यावरून एखाददुसऱ्या वर्षाच्या फरकाने साल निघतं.

पुराचं पाणी कुठवर आलं हे मात्र ओट्यावर बसून विचारू नका. घाटावर सोबत न्या, पायरीवर हात ठेवायला सांगा आणि तिथल्या तिथे मोजायची टेप लावा. घरी सांगितलेली पायरी दोन-चारने सहज चुकते.