मॉड्यूल बदलायच्या आणि मागवायच्या आधी: ऑप्टिकल लिंकमधल्या या चुका टाळा

फायबरची लिंक डाउन झाली की पहिला हात मॉड्यूलकडे जातो, म्हणजे स्विचच्या पोर्टात बसून विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा सिग्नल करणाऱ्या तुकड्याकडे. जुनं काढून नवं घातलं, दिवा हिरवा झाला, की जुनं खराब ठरवून परतीच्या खोक्यात टाकलं जातं. पण या काढ-घालीत पॅचकॉर्डही (मॉड्यूलला जोडलेली छोटी फायबर केबल) निघून पुन्हा बसलेली असते आणि बऱ्याचदा लिंक त्यानेच उठलेली असते. मॉड्यूल मागितलं की मिळत होतं तोवर ही सवय खपून गेली. आता एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे वेगवान मॉड्यूलमधले लेसर पुरेनासे झाले आहेत. अशा वेळी चांगलं मॉड्यूल बाद केलं, तर खरा बिघाड येईल तेव्हा स्पेअर हाताशी नसतो.

स्कोपखाली न बघता कनेक्टर लावणं

सिंगल-मोड फायबरच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. तिथे बसलेला धुळीचा कण डोळ्याला दिसत नाही, पण लिंक पाडायला पुरतो. इन्स्पेक्शन स्कोपमध्ये (कनेक्टरचं टोक मोठं करून दाखवणारी दुर्बीण) मात्र तो लपत नाही: फेरूलच्या (फायबरचं टोक धरणारी बारीक नळी) मधोमध गाभ्याचं छोटं वर्तुळ, भोवती क्लॅडिंगचा, म्हणजे बाहेरच्या काचेचा, करडा पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. बोट लागलं असेल तर तेलकट, ढगाळ डाग दिसतो. आधी बघा, कोरड्या क्लीनरने पुसा, पुन्हा बघा. डाग हलत नसेल तर ओल्या क्लीनरने पुसून लगेच कोरडं करा.

टोपी होती म्हणजे कनेक्टर स्वच्छच असणार, हा समज सोडा. टोपीच्या आतले बारीक कणही फेरूलवर बसतात, म्हणून नवीकोरी पॅचकॉर्डसुद्धा तपासूनच लावायची. घाण कनेक्टर तसाच दाबला तर कण काचेवर कायमचा ओरखडा पाडू शकतो आणि घाण नव्या मॉड्यूलच्या पोर्टातही जाते. मॉड्यूल बदलूनही तीच तक्रार चार दिवसांनी परत येते, ती अनेकदा यामुळे. हे सगळं करताना पलीकडचा लेसर बंद ठेवा. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आपल्याच टीएक्सची आपल्याच आरएक्सशी तुलना

स्विचवर मॉड्यूलची टीएक्स (पाठवलेल्या प्रकाशाची) आणि आरएक्स (आलेल्या प्रकाशाची) पॉवर शेजारी शेजारी दिसते आणि घाईत त्याच दोन आकड्यांची वजाबाकी होते. त्या वजाबाकीला काही अर्थ नाही. पलीकडचा टीएक्स आणि आपला आरएक्स, यांतला फरक म्हणजे त्या फायबरमधला लॉस, म्हणजे वाटेत घटलेला प्रकाश.

समजा १० किमीची १० जी एलआर (सेकंदाला १० गिगाबिटची, लांब पल्ल्याची) लिंक आहे. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी (डेसिबेल, घटीचं माप), म्हणजे फायबरचे ३.५ डीबी, कनेक्टर आणि स्प्लाइस (फायबरचे सांधे) धरून ५ डीबी म्हणू. पलीकडून उणे २ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघत असतील तर इथे उणे ७ च्या आसपास यायला हवेत. दिसताहेत उणे १९. एलआरचा रिसीव्हर उणे १४.४ पर्यंतच्या प्रकाशाची हमी देतो, त्यामुळे लिंक पडणारच. पण जास्तीचे १२ डीबी बहुधा वाटेत कुठेतरी जाताहेत: घाण कनेक्टर, दारात चेपलेली केबल किंवा फार घट्ट वळवलेली पॅचकॉर्ड. पॉवर मीटर लावून एकेक टप्पा मोजा. मॉड्यूलमधल्या मोजणीला मानकानुसार ३ डीबीपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते, म्हणून शेवटचा निर्णय मीटरवर घ्यावा.

मॉड्यूल खरोखर संपत आल्याची खूण वेगळी असते. टीएक्स पॉवर तीच राहते, पण ती टिकवायला लेसरचा बायस करंट (लेसर चालवणारी वीज) महिन्यागणिक चढत जातो. हा आलेख ठेवणारे लोक फार थोडे, आणि बिघाडाआधी स्पेअर मागवायला वेळ मिळतो तो त्यांनाच.

उलट चूकही होते. एलआरहून लांब पल्ल्याचं ईआर मॉड्यूल टेस्टिंगसाठी छोट्या पॅचकॉर्डने समोरासमोर जोडतात. १० जी ईआरचा टीएक्स अधिक ४ डीबीएमपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचा रिसीव्हर उणे १ च्या वर नको म्हणतो. मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर हवाच.

प्रकाश चारही लेनवर (मॉड्यूलमधल्या प्रकाशाच्या स्वतंत्र वाटा) उत्तम आणि तरी १०० जी लिंक उठत नसेल तर एफईसी, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त करणारी सेटिंग, बघा. कमी अंतराच्या एसआर४ मॉड्यूलला एफईसी लागतं, लांब पल्ल्याच्या एलआर४ ला लागत नाही. दोन टोकांची सेटिंग जुळली नाही तर लिंक येत नाही. बायडाय मॉड्यूलची (एकाच फायबरवर दोन्ही दिशांनी चालणारी) जोडी उलटसुलट तरंगलांबीची आहे ना, आणि तिरक्या टोकाचा हिरवा एपीसी कनेक्टर सरळ टोकाच्या निळ्या यूपीसीत तर गेला नाही ना, हे एका नजरेत कळतं.

दोन ब्रँड म्हणजे दोन सप्लायर असं धरणं

खरेदीच्या टेबलावरची सगळ्यात महाग चूक ही. मान्य सप्लायरच्या जुन्या यादीत ऑक्लारो, निओफोटॉनिक्स आणि ल्युमेंटम अशा तीन ओळी असतील तर ती आता एकच कंपनी आहे: ऑक्लारो २०१८ मध्ये आणि निओफोटॉनिक्स २०२२ मध्ये ल्युमेंटमकडे गेली. फिनिसार २०१९ मध्ये टू-सिक्सने घेतली, आणि २०२२ मध्ये कोहेरंट विकत घेतल्यावर टू-सिक्सने तेच नाव लावलं.

नावं खरोखर वेगळी असली तरी आत डोकवा. वेगवान मॉड्यूलमधला डीएसपी (सिग्नल सांभाळणारी चिप) बहुतेक वेळा ब्रॉडकॉम किंवा मार्व्हेलचा असतो. एकाच कारखान्यात अनेक ब्रँडांची जुळणी होते. ऑक्टोबर २०११ च्या पुरात थायलंडमधला फॅब्रिनेटचा कारखाना पाण्याखाली गेला, तेव्हा तिथे माल बनवून घेणाऱ्या कंपन्या एकदमच अडकल्या. म्हणून कोटेशन मागताना तीन प्रश्न लेखी विचारा: लेसर कोणाचा, डीएसपी कोणाचा, जुळणी कुठे होते. तिन्हींची उत्तरं सारखी आली तर दुसरा सप्लायर अजून शोधायचाच आहे.

सिलिकॉन फोटॉनिक्स (सिलिकॉन चिपवरच प्रकाशाची वाट घडवलेलं मॉड्यूल) घेतलं की लेसरची चिंता मिटली, असंही समजू नका. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही. त्यालाही सहसा इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाचाच लेसर जोडावा लागतो. फरक इतकाच की एक साधा, सतत चालणारा लेसर अनेक लेन पुरवू शकतो. चीनने फेब्रुवारी २०२५ पासून इंडियम फॉस्फाइडच्या निर्यातीला परवाना लावला. गॅलियम आणि जर्मेनियमवर तो ऑगस्ट २०२३ पासून आहे, आणि जर्मेनियम फायबरच्या गाभ्यातही लागतं.

तुटवडा दिसला की तीन ठिकाणी तीच ऑर्डर टाकू नका. मागणी फुगलेली दिसते, सगळ्यांचाच लीड टाइम (माल यायला लागणारा वेळ) लांबतो, आणि माल एकदम येतो तेव्हा तुम्ही पुढच्या स्पीडकडे वळलेले असता.

घाईत अनोळखी विक्रेत्याकडून घ्यावं लागलं, तर स्विच दाखवतो ती माहिती पुरावा मानू नका. मॉड्यूलमधली मेमरी पुन्हा लिहिता येते. लेबलवरचा सीरियल नंबर मेमरीतल्या नंबराशी ताडून बघा. इंडस्ट्रियल म्हणून घेतलेलं मॉड्यूल ८५ अंशांवर चालवून पाहा, कारण कमर्शियल मॉड्यूलची हद्द ७० अंशांपर्यंतच असते. आणि पार्ट नंबर न बदलता आतला लेसर किंवा फर्मवेअर बदललं तर आधी कळवण्याची अट ऑर्डरमध्येच घाला.