ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन की पॅच? जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड कसं निवडतात

ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनच्या, अफूच्या जातीची दुखणं कमी करणारी औषधं. त्यांची निवड ताकदीवरून होत नाही. मूत्रपिंडं किती काम करताहेत, दुखणं कोणत्या जातीचं आहे, सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि घरात लक्ष ठेवायला कोण आहे, यावरून ती होते. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा 'स्ट्राँग' म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, की तेवढ्याच परिणामाला त्याचे मायक्रोग्रॅम पुरतात आणि मॉर्फिनचे मिलिग्रॅम लागतात. योग्य डोसला दोन्ही दुखणं सारखंच कमी करतात.

इथे दिलेले डोस हातातली चिठ्ठी समजावी आणि चूक लक्षात यावी म्हणून आहेत. यातलं कुठलंही औषध शेजाऱ्याच्या पट्टीतून घेऊन सुरू करायचं नाही.

मुळात ओपिऑइड हवं का?

कर्करोगाच्या मध्यम किंवा तीव्र दुखण्यात हा प्रश्न फार वेळ घोळवायचा नसतो. तिथे मॉर्फिन हे पहिल्या फळीतलं औषध आहे आणि ते 'शेवटी शेवटी' देण्यासाठी राखून ठेवल्याने रुग्णाचे हाल होतात, बाकी काही साधत नाही.

कंबर, गुडघा, मणका यांच्या वर्षानुवर्षांच्या दुखण्याचं गणित वेगळं आहे. अमेरिकेतली 'स्पेस' नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जुनाट पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या संधिवाताच्या रुग्णांचे दोन गट वर्षभर पाहिले. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा सुधारली नाही, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. म्हणून इथे आधी व्यायाम, फिजिओथेरपी, पॅरासिटामॉल, सोसत असतील तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि लागल्यास सांध्यातलं इंजेक्शन. जळजळ, मुंग्या, करंट लागल्यासारखी कळ असं नसांचं दुखणं असेल तर ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन आधी.

हे सगळं करूनही भागत नसेल तर ओपिऑइड प्रायोगिक म्हणून, साधारण चार आठवड्यांसाठी सुरू करतात. सुरू करतानाच ध्येय लिहून ठेवावं: 'एक मजला जिना चढता आला पाहिजे', 'सलग पाच तास झोप लागली पाहिजे'. दुखणं शून्यावर येणं हे ध्येय नाही. दहापैकी आठवर असलेलं पाचावर आलं आणि हालचाल वाढली तर औषध लागू पडलं. महिन्याने काहीच फरक नसेल तर डोस चढवत बसण्यापेक्षा औषध उतरवून बंद करणं शहाणपणाचं.

डॉक्टरकडे जाताना

क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी), यकृताच्या तपासण्या आणि सोडियम यांचे ताजे रिपोर्ट न्या. जुना ईसीजी असेल तर तोही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. झोपेची गोळी आणि 'नसांची गोळी' सांगायची हमखास राहते आणि नेमक्या त्याच घातक ठरतात. शिवाय हे स्वतःहून सांगा: कधी फिट आली होती का, दारू किती, जोरात घोरतात का, दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे का, प्रोस्टेटमुळे लघवी अडते का, घरात कुणाला व्यसन आहे का.

क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो. पंचाहत्तरीच्या, ४५ किलो वजनाच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ आलं तर कागदावर थोडंसंच जास्त दिसतं. वय आणि वजन धरून हिशेब केला की मूत्रपिंडांची क्षमता मिनिटाला २५ मिलीच्या आसपास निघते. तिथे मॉर्फिन टाळायचं असतं.

ट्रॅमाडॉल

'सौम्य' म्हणून सर्रास लिहिलं जातं, पण सगळ्यात जास्त अटी याच औषधाला आहेत. ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीन-चार वेळा, दिवसाला ४०० ही कमाल मर्यादा, पंचाहत्तरीनंतर ३००, मूत्रपिंडं बरीच खालावलेली असतील तर बारा तासांनी एक डोस आणि दिवसाला २०० पर्यंतच. फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून मिरगीच्या रुग्णाला नको. नैराश्याच्या गोळ्यांसोबत, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, ड्युलॉक्सेटिन यांच्याबरोबर घेतलं तर शरीरात सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांत सोडियम उतरतं. रक्तातली साखरही घसरू शकते, मधुमेह्यांनी हे ध्यानात ठेवावं. बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

शिवाय ट्रॅमाडॉलला पूर्ण काम करण्यासाठी यकृतातल्या एका एन्झाइमने त्याचं रूपांतर करावं लागतं. काहींत ते एन्झाइम जवळपास नसतंच, त्यांना गोळी लागू पडत नाही. काहींत ते अति वेगाने चालतं, त्यांना नेहमीचा डोसही जड जातो. कोडीनचं दुखणं हेच, वर बद्धकोष्ठता जास्त. जुनाट दुखण्यासाठी कोडीन निवडावं असं कारण क्वचितच सापडतं.

ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलच्या एकत्रित गोळीत बहुधा ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅम असतं. वर वेगळी पॅरासिटामॉल चालू असेल तर दोन्ही मिळवून बेरीज करा. दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, अशक्त किंवा यकृताच्या रुग्णाला त्याहून बरीच कमी.

टॅपेंटाडॉल

हे नॉरएड्रेनलिन या नसांमधल्या रसायनाच्या मार्गानेही काम करतं, म्हणून मधुमेहाने नसा दुखत असतील तर विचार करण्यासारखं. मळमळ आणि बद्धकोष्ठता मॉर्फिनपेक्षा कमी, एन्झाइमची भानगड नाही. सुरुवात ५० मिलिग्रॅमने. लांब चालणारी गोळी बारा तासांनी, दिवसाला ५०० पर्यंत. मूत्रपिंडं किंवा यकृत फारच खराब असेल तर नको. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड चालू असेल तर ट्रॅमाडॉलही नको आणि टॅपेंटाडॉलही नको. दुखण्याचा डॉक्टर एक आणि क्षयरोगाचा दुसरा असला की ही जोडी चुकून एकाच चिठ्ठीवर येते.

मॉर्फिन

स्वस्त आणि सर्वांत जास्त अभ्यासलेलं औषध. कर्करोगात मध्यम दुखण्याला आधी ट्रॅमाडॉल देऊन ते हरल्यावर मॉर्फिन द्यायचं, ही पायरी आता अनेक ठिकाणी गाळतात. मॉर्फिनचा लहान डोस थेट सुरू केला तर आराम लवकर मिळतो.

सुरुवात ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी, वृद्ध आणि कृश रुग्णाला २.५. साधी गोळी बहुतेकदा १० मिलिग्रॅमची येते, म्हणजे अर्धी किंवा पाव. डोस घड्याळाप्रमाणे: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री दहाला डॉक्टर दुप्पट डोस लिहितात, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही. चिठ्ठीवर हे दिसलं तर ती चूक नाही. 'दुखलं तर घ्या' या पद्धतीने चार तासांचं औषध घेतलं की दुखणं कायम एक पाऊल पुढे राहतं. घरच्यांकडून सर्वांत जास्त होणारी गफलत हीच.

मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठी वेगळा डोस असतो, दिवसभराच्या बेरजेच्या साधारण सहावा भाग. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १०. असे जादा डोस रोज तीन-चार लागायला लागले तर नियमित डोस वाढवण्याची वेळ झाली. म्हणून वही ठेवा: वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती, शौच झालं का. डॉक्टरला पुढचा डोस ठरवायला याहून चांगलं साधन नाही. डोस बसला की बारा तासांच्या गोळीवर नेतात. ती गोळी तोडायची, चावायची, नळीतून द्यायला कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम सुटतं आणि श्वास मंदावतो.

पहिले तीन ते पाच दिवस झोप जास्त येते, आठवडाभर मळमळ राहते, मग दोन्ही बहुतेकांत ओसरतं. हे आधी सांगितलं नाही तर घरचे तिसऱ्या दिवशी औषध बंद करतात.

मूत्रपिंडं खालावली असतील तर मॉर्फिनचे उपपदार्थ साठतात. झोपेत हातपाय झटकणं, नसलेली माणसं दिसणं, बडबड ही त्याची लक्षणं. घरात अनेकदा 'म्हातारपणाने भ्रम झाला' असं समजलं जातं. जुलाब, उलट्या होऊन शरीर सुकलं की कालपर्यंत सोसणारा डोसही असा त्रास देतो.

पॅच

पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची चकती. दोन पॅच, दोन वेगळ्या जाती. ब्यूप्रेनॉर्फिनचा पॅच तासाला ५, १० किंवा २० मायक्रोग्रॅमचा, सात दिवस राहतो. ५ चा पॅच साधारण दिवसाला १२ मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिनइतका, त्यामुळे आधी ओपिऑइड न घेतलेल्यालाही सुरू करता येतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या, गोळ्या न गिळता येणाऱ्या वृद्धासाठी बहुधा हाच पहिला पर्याय. त्याच जागी पुन्हा तीन आठवडे लावायचा नाही.

फेंटानिलचा पॅच ७२ तासांचा. तासाला २५ मायक्रोग्रॅमचा पॅच दिवसाला ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मॉर्फिनच्या बरोबरीचा, म्हणून ज्याने आधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला, किंवा ऑपरेशननंतरच्या दुखण्याला, लावूच नये. परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात. चार तासांच्या मॉर्फिनवरून पॅचवर जाताना पहिले बारा तास मॉर्फिन चालू ठेवतात. काढल्यावरही कातडीखालचा साठा झिरपत राहतो, अर्धा उतार पडायला १७ तासांहून जास्त लागू शकतात. दुखणं रोज बदलत असेल तर पॅच चुकीची निवड, डोसच जुळत नाही.

उष्णतेने दोन्ही पॅचमधून औषध जास्त सुटतं. ताप, शेकायची पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, मे महिन्याचं ऊन, सगळं आलं. कातडी साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, केस वस्तऱ्याने न काढता कात्रीने कापा, पॅच तळहाताने अर्धा मिनिट दाबा, त्यावर तारीख लिहा. जुना काढल्याशिवाय नवा लावू नका, पाठीवरचा जुना पॅच हमखास विसरतो. पॅच कापू नका. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं तर फेंटानिल रक्तात वाढतं. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने उतरतं, आणि रिफाम्पिसिन थांबलं की पुन्हा चढतं.

मेथाडोन मूत्रपिंडं खराब असली तरी चालतं, नसांच्या दुखण्यालाही कामी येतं. पण ते शरीरात दिवसेंदिवस साठतं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक गुंगी आणतं. ईसीजी काढणाऱ्या आणि हे औषध रोज वापरणाऱ्या तज्ज्ञाच्या हातीच ते असावं. पेंटाझोसिनची इंजेक्शनं गावोगाव टोचली जातात. जुनाट दुखण्यात त्यांना जागा नाही. मॉर्फिन चालू असलेल्याला टोचलं तर उलट औषध एकदम तुटल्यासारखी लक्षणं उसळतात, आणि वारंवार टोचल्याने स्नायू दगडासारखे कडक होतात.

पोट

बद्धकोष्ठतेची सवय शरीराला कधीच होत नाही. ओपिऑइडच्या पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू व्हायला हवं: बिसाकोडिल किंवा सोनामुखी, जोडीला लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल. इसबगोलवर विसंबू नका. पाणी कमी पिणाऱ्या, झोपून असलेल्या रुग्णात तो आतडी मंद असताना गोळा होऊन बसतो. तीन दिवस शौच नाही, वर पोट फुगलं, उलट्या, तर डॉक्टरला कळवा. दिवसातून सात-आठ वेळा पातळ थेंब थेंब होत असेल तर तो जुलाब नसून अडकलेल्या मळाच्या कडेने वाहणारं पाणी असू शकतं.

औषध बदलताना

जुन्या औषधाचा दिवसाचा डोस मॉर्फिनच्या मापात आणतात, नव्या औषधाचा तितकाच डोस काढतात आणि मग २५ ते ५० टक्के कमी करून सुरू करतात, कारण एका ओपिऑइडची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही. उदाहरणार्थ, ट्रॅमाडॉल ४०० म्हणजे तोंडी मॉर्फिन साधारण ४०. त्यातून चौथा भाग वजा केला की ३०, म्हणजे ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी. मेथाडोनला हा हिशेब लागू नाही.

बरेच महिने घेतलेलं औषध एकदम तोडायचं नाही. जांभया, नाक वाहणं, अंगावर काटा, जुलाब, बेचैनी सुरू होते. ही लक्षणं म्हणजे व्यसन नव्हे, शरीराला झालेली सवय आहे. महिन्याला दहा टक्क्यांच्या वेगाने उतरवलं तर बहुतेकांना झेपतं.

श्वास

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, प्रिगॅबालिन आणि दारू यांच्या जोडीला ओपिऑइड, यात माणसं दगावतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं हे औषध घेणाऱ्यात नेहमीचं, त्याला घाबरू नका. पण हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ किंवा कमी असतील, घशात घरघर असेल, तर १०८ ला फोन करा, पॅच काढा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. श्वास थांबलाच तर फोनवर सांगतील तसा कृत्रिम श्वास द्या. रुग्णालयात नॅलोक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा देतात. त्याचा असर ओपिऑइडच्या आधी संपतो, म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी न्यायचा हट्ट धरू नये.

कुठे मिळतं, घरात कसं ठेवावं

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतकं जखडलं होतं, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन यांच्यासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची सोय झाली. महाराष्ट्रात ही मान्यता अन्न व औषध प्रशासनाकडून मिळते. त्यामुळे मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शोधू नका. परळच्या टाटा रुग्णालयासारखी कर्करोग रुग्णालयं आणि पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) केंद्रं इथे विचारा. ट्रॅमाडॉलही एप्रिल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे, म्हणून दुकानदार चिठ्ठी मागतो ते बरोबरच.

औषध कुलपात ठेवा, गोळ्या मोजून ठेवा. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून डबीत ठेवा आणि उरलेल्या गोळ्यांसह जिथून आणलं तिथे परत द्या. दुबई, अबुधाबीला मुलाकडे निघाला असाल तर तिकडच्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी प्रवासाआधी ऑनलाइन काढा. ट्रॅमाडॉल आणि कोडीन तिथे नियंत्रित औषधं आहेत आणि परवानगीशिवाय नुसती भारतातली चिठ्ठी विमानतळावर पुरेलच असं धरून चालू नका.