खान्देशातील घराची सजावट : खोल्यांनुसार काय आणि कोणत्या क्रमाने करावे

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, धुळे-नंदुरबारकडे उन्हाबरोबर वारा आणि धूळही येते, आणि कानबाईला (श्रावणात येणाऱ्या खान्देशातील देवीच्या सणाला) किंवा लग्नसराईत घरात एकदम पंधरा-वीस माणसे उतरतात. खान्देशात घर सजवायचे तर या तीन गोष्टी धरूनच आखणी करावी लागते. मोबाईलवर दिसणारे पांढरे सोफे, जमिनीपर्यंतच्या काचा आणि उघडी फडताळे डोळ्यांना भावतात खरी, पण त्या घरांची हवा वेगळी असते. म्हणून खरेदी सर्वांत शेवटी ठेवावी. आधी उन्हाचा बंदोबस्त, मग भिंती, मग रंग व उजेड आणि त्यानंतर सामान, हा क्रम सोडू नये.

पहिली पायरी : ऊन कुठवर येते ते पाहावे

एखाद्या उन्हाळी दिवशी प्रत्येक खोलीत खडू घेऊन फिरावे आणि सकाळी दहा, दुपारी एक व चार वाजता खिडकीतून आलेले ऊन जमिनीवर जिथे थांबते तिथे रेघ ओढून वेळ लिहावी. चारच्या रेघेच्या आतला भाग हा पश्चिमेच्या उन्हाचा पट्टा असतो. तिथे लाकडी कपाट, टीव्ही, पलंगाची उशाकडची बाजू किंवा गडद कापडाची बैठक ठेवू नये. पॉलिश उतरते, कापड विटते आणि रात्रीपर्यंत त्या वस्तू गरम राहतात.

ऊन काचेच्या आत शिरल्यावर पडद्याने अडवण्यापेक्षा ते बाहेरच अडवलेले केव्हाही चांगले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा लावावा आणि आतून जाड सुती पडद्याला पांढरे अस्तर द्यावे. पडद्याची दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच पुढे न्यावी, म्हणजे कडेने ऊन येत नाही आणि पडदे सारल्यावर पूर्ण खिडकी मोकळी होते. कापड रुंदीच्या दुप्पट घ्यावे, मात्र ते जमिनीपासून अर्धा-एक इंच वर असावे. जमिनीवर लोळणारा पडदा आपल्याकडे आठवड्यात धुळीने काळा होतो.

वरच्या मजल्यावरील खोल्यांचा खरा शत्रू स्लॅब आहे. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिल्याने खालची खोली सुसह्य होते, आणि तो खर्च आतल्या कोणत्याही शोभेच्या वस्तूपेक्षा आधी करण्यासारखा आहे.

दुसरी पायरी : भिंती आणि रंग

तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात. अशा तड्यावर नुसती पुट्टी भरून रंग दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच तडा पुन्हा दिसतो. तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पाहावा. तडा खुणेच्या पुढे गेला असेल तर रंगाऱ्याआधी अभियंत्याला बोलवावे. स्थिर असेल तर तो खरवडून, जाळी लावून भरावा.

कानबाईच्या आधी घर रंगवण्याची आपली रीत आहे, पण श्रावणात भिंती ओल्या असतात. चुन्याला ते चालते, कारण चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. प्लॅस्टिक पेंटचा थर मात्र ती अडवतो आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. तेव्हा सणापुरता चुन्याचा हात द्यावा आणि प्लॅस्टिक पेंटचे मोठे काम दिवाळीनंतर काढावे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरात तर मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट देऊच नये. त्या जाड भिंतींमुळे घर थंड राहते. खांब आणि तुळया सनमायकाखाली झाकण्याऐवजी धूळ काढून त्यांना जवसाचे तेल लावावे, एवढ्यानेच लाकूड उजळते.

रंग कागदावरच्या चौकोनावरून ठरवू नये. दोन फूट लांब-रुंद पट्टा भिंतीवरच काढून तो सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिव्याखाली पाहावा. भरपूर उन्हाच्या खोलीत पिवळा आणि केशरी जास्तच भडक दिसतात; फिकट हिरवा, राखाडी निळा किंवा चुन्यासारखा मळकट पांढरा तिथे शोभतो.

बैठकीची खोली

येथे जागा मोकळी ठेवणे हीच निम्मी सजावट. ये-जा करण्याच्या वाटा किमान अडीच ते तीन फूट रुंद असाव्यात, टीपॉय बैठकीपासून दीड फुटावर असावा. मोठा रेक्झिनचा सोफा मे महिन्यात अंगाला चिकटतो, त्यामुळे एक साधा लाकडी दिवाण, त्यावर सुती खोळीची कापसाची गादी व लोड आणि दोन हलक्या वेताच्या खुर्च्या ही मांडणी मला अधिक योग्य वाटते. कापूस आपल्याच शेतांत पिकतो. गादी दबली की पिंजून पुन्हा भरता येते, फोमचे तसे होत नाही. पाहुणे वाढले की जमिनीवर चटया अंथरायच्या असतात, आणि जळगावात तयार होणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया रंगसंगती साधून निवडल्या तर गालिच्याची उणीव भासत नाही. त्या झटकता येतात आणि पाण्याने धुता येतात.

कूलरची जागा सजावटीच्या आराखड्यातच ठरवावी, नाहीतर तो शेवटी सगळ्यात देखण्या खिडकीत जाऊन बसतो. कूलरची ओलसर हवा जेवढी आत येते तेवढीच बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. दारे बंद केली तर खोली दमट होते आणि गारवा जाणवत नाही. त्याच्या झोतासमोर प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्डचे कपाट ठेवल्यास ते फुगते.

भिंतीवरील चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असावा. खाली बसून गप्पा मारण्याची खोली असेल तर त्याहून खाली आणावा. दिव्यांच्या बाबतीत छताच्या मधोमध एकच प्रखर पांढरा दिवा पुरेसा मानण्याची सवय सोडायला हवी. ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर एलईडी दिवे कोपऱ्यात व भिंतीलगत आणि वाचण्याच्या जागी ४००० केल्विनचा दिवा असे वाटून घ्यावे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून प्रकाशाच्या जोरावर अख्खी दृश्ये उभी करत. बाजूने आलेला उजेड पितळेच्या जुन्या तांब्यालाही उठाव देतो, मग महागडी मूर्ती आणण्याची गरज पडत नाही.

स्वयंपाकघर

खान्देशी स्वयंपाकात काळ्या मसाल्याची फोडणी आणि मिरचीचा ठसका रोजचाच, त्यामुळे हवा बाहेर काढण्याची सोय रंगसंगतीच्या आधी येते. पंखा छताजवळ, ताजी हवा येणाऱ्या खिडकीच्या समोरच्या भिंतीत बसवावा. चिमणी घेतल्यास तिची नळी घराबाहेर काढावी. हवा गाळून आतच सोडणारी चिमणी आपल्या फोडणीपुढे टिकत नाही. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजण्यासाठी आणि खापरावरच्या (मातीच्या उपड्या भांड्यावरच्या) पुरणपोळ्यांसाठी मात्र परसात चुलीची जागा राखावी. ते काम आत आणण्याचा हट्ट करू नये.

ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच ठेवतात, पण घरात पोळ्या-भाकरी जी व्यक्ती करते तिला उभे करूनच ती ठरवावी. संगमरवर येथे घेऊ नये, कारण हळदीचे डाग त्यात मुरतात आणि लिंबाने त्याची चकाकी जाते. काळा ग्रॅनाइट चालतो. फडताळांना दारे हवीतच. वर्षाची दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू ठेवण्याच्या कोठ्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच पाटावर ठेवाव्यात, म्हणजे ओल लागत नाही व मागून झाडता येते. पापड-कुरडयांचे डबे सर्वांत वरच्या फळीवर गेले तरी हरकत नाही.

झोपण्याच्या खोल्या

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, म्हणून घर दोन मजली असेल तर उन्हाळ्यात झोपण्याची खोली खाली हलवता येईल अशी हलकी मांडणी ठेवावी. पलंग खाली कप्पे असलेला घ्यावा. पाहुण्यांच्या गोधड्या आणि उशा त्यातच मावतात. त्या ठेवण्यापूर्वी कडक उन्हात वाळवाव्यात. खिडकीला डासांची जाळी लावावी आणि ती काढून धुता येईल अशी असावी. मुलांच्या खोलीत डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड उजवीकडून आणि इतरांना डावीकडून मिळेल असे टेबल मांडले की बहुतेक काम झाले.

देवघर आणि सणांची जागा

देवघर लहान असले तरी त्याच्यासमोरची चार-पाच फूट जागा कायमच्या सामानाने अडवू नये. कानबाईचा चौरंग तिथेच मांडला जातो, भाऊबंद जमतात, रात्रभर गाणी होतात. समयीच्या मागे लाकडी फळी किंवा वॉलपेपर नसावा. काजळी पुसता येईल अशी टाइल किंवा पितळी पत्रा लावावा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींसाठी झोका बांधायचा असेल तर त्याचे हूक पीओपीच्या छतात कधीही अडकवू नयेत. ते तुळईतच, आणि शक्यतो बांधकामाच्या वेळी सळईला बांधून बसवावेत. झोक्याच्या पुढे-मागे प्रत्येकी चार फूट मोकळी जागा सोडावी आणि समोर काचेचे शोकेस ठेवू नये. बसवलेल्या हुकांना वाळूने भरलेली पन्नास किलोची चार पोती रात्रभर टांगून पाहावे, सकाळी तुळईला केसाएवढीही चीर नाही याची खात्री करावी आणि मगच दोर बांधावा.