मृगाआधी परसात गोल वाफे घाला, पण आळं नको

परसात वेल लावायचा म्हटलं की आपली रीत ठरलेली: कुदळीनं आळं खणायचं, पाटीभर शेणखत ओतायचं आणि दोडक्याच्या बिया टोकायच्या. उन्हाळ्यात पाणी धरून ठेवायला ते ठीकच. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, करवीरच्या काळ्या चिकट रानात त्याच आळ्यात जुलैला पाणी तुंबतं, वेल पिवळा पडतो आणि आपण खत कमी पडलं म्हणून युरिया टाकतो. कुजलेल्या मुळाला युरिया काय करणार? पावसाळ्यात वाफा गोल असू द्या, पण जमिनीच्या वर.

मध्ये खुंटी रोवून सव्वादोन फूट दोरीनं रेघ फिरवा. साडेचार फुटांच्या या गोलात कुठूनही हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय घालावा लागत नाही. रेघेबाहेर वीतभर रुंद चर काढा, ती माती आणि कुजलेलं शेणखत आत ओढून 9 ते 12 इंच उंची करा, मधला भाग आणखी चार बोटं वर. चराचं तोंड उताराकडं काढायला विसरू नका. गगनबावडा, राधानगरीकडच्या तांबड्या मातीत निचऱ्यापेक्षा माती वाहून जायची भीती जास्त, तिथं कडेला दगड लावा.

मांडव बियांच्या आधी उभा करा. वेल वाढल्यावर पहार मारली की मुळं तुटतात. चिवा किंवा मेस बांबूच्या 9-10 फुटी सहा काठ्या घ्या. बुडखे विस्तवावर काळे होईस्तोवर भाजले की वाळवी उशिरा लागते. दीड फूट गाडून शेंडे एकत्र बांधा. वारा पश्चिमेकडनं येतो, त्या बाजूच्या काठ्या जाड निवडा. बांधायला काथ्या बरा. हंगामानंतर वेलासकट खतखड्ड्यात जातो, नायलॉन सोडवत बसावं लागत नाही.

एक गोष्ट हमखास राहते. जाड काठीला कारल्याचा ताणा विळखा घालू शकत नाही. म्हणून बुडाशी तुरकाट्या खोचा आणि वर हातभर अंतरानं सुतळीचे वेढे द्या.

काठीमागं दोन बिया टोका, नंतर जोमदार रोप तेवढं ठेवा. दोडका, कारली, काकडी, वरणा चालेल. दुधीचं ओझं या मांडवाला झेपत नाही. मध्ये सावलीत आलं किंवा हळद लावा. उसाचं पाचट अंथरायचं तर खोडापासून वीतभर लांब.

पहिली फुलं नरच येतात, गळाली तर घाबरू नका. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा नर फूल तोडून मादीला हातानं लावा. पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तरी वेलभाज्यांवर गंधक मारू नका, पानं करपतात. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा आणि डंख मारलेली फळं खतखड्ड्यात न टाकता फूट-दीड फूट खोल पुरा, कारण अळ्या मातीतच कोष करतात.