व्हीलचेअर घेऊन थीम पार्कला निघताय? या चुका टाळा

“तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?” एवढंच फोनवर विचारू नका. “हो, या ना,” असंच उत्तर मिळतं. मीही तेवढंच विचारून आईला घेऊन पुण्याहून घाट उतरले, आणि पहिल्याच राईडच्या रांगेत अडकले. लोखंडी कठड्यांमधली वाट नागमोडी होती आणि वळणावर खुर्ची वळेना. मागे माणसांची रीघ, पुढे जाता येईना.

बहुतेक राईड्सवर खुर्ची चढत नाही, माणसाला उठून सीटवर बसावं लागतं. म्हणून रांगेला दुसरं दार आहे का, सीटपर्यंत पायऱ्या किती आणि सीटवर कोणत्या बाजूने चढायचं, हे विचारा. आईची उजवी बाजू अर्धांगवायूने अधू आहे. तिला डावीकडे सरकता येतं, उजवीकडे अजिबात नाही. कर्मचारी उचलतील असं धरून चालू नका. आधार कोण देणार ते आधीच ठरवा आणि घरी सोफ्यावर सराव करा. आधी दोन्ही ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर. पट्टी खाली राहिली की उठताना पाय अडकतो आणि माणूस थेट तोंडावर पडतो.

रुंदी मोजतानाही गफलत होते. १८ इंची खुर्ची म्हणजे सीट १८ इंच. चाकांच्या बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंत ती २४ ते २६ इंच भरते. टेप तिथे लावा.

गटाराच्या जाळीवरून खुर्ची सरळ ढकलू नका. पुढची छोटी चाकं फटीत रुततात. खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्या. रॅम्प नियमाने १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी. त्याहून उभा असेल तर उतरताना खुर्ची उलटी फिरवून, तुम्ही खालच्या बाजूला राहून हळूहळू उतरवा.

बॅटरीवरची स्कूटर असेल तर कागदावरच्या रेंजवर विसंबू नका. चढ आणि वजन यांनी ती घटते. चार्जर सोबत ठेवाच. तीनचाकी स्कूटरवरून तिरकस उतार आडवा कापू नका, ती कलंडते.

उन्हात उभी केलेली खुर्ची, तिच्यात कुणाला बसवण्याआधी, हाताने चाचपा. ज्यांना संवेदना कमी आहे त्यांना चटका कळतही नाही.

पहिल्याच वेळी अख्ख्या दिवसाचं तिकीट काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. आधी पुण्यातल्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात अर्धा दिवस फिरून बघा. खुर्चीतलं माणूस किती वेळ बसू शकतं, तुमचे हात कधी भरून येतात, हे तिथे कळेल. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बंद असतं.